बाराशे चौतीस आणि उलटे बाइट



आजचा विषय पहिल्यांदा ऐकला तर कोरडा वाटेल: फाइलमधल्या कच्च्या बाइटांपासून पूर्णांक कसा तयार होतो. पण त्यामागे साठ वर्षांचा इतिहास आहे. तो माहीत नसल्यामुळे मी माझ्याच प्रबंधातले पुराचे दिवस स्वतःच्या हाताने खोडले होते. म्हणून आधी ती गोष्ट सांगते, मग इतिहासाकडे जाऊ.

खोडलेला पूर

पीएच.डी.चं दुसरं वर्ष होतं. एका नदीच्या पाणीपातळीच्या जुन्या नोंदी माझ्याकडे आल्या होत्या. स्वयंचलित उपकरणाने तासाला एक याप्रमाणे घेतलेल्या. फाइलसोबत टंकलिखित पान होतं एकच, आणि त्यावर कामाचं वाक्यही एकच: प्रत्येक नोंद दोन बाइटची, सेंटिमीटरमध्ये.

मी चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आणि फाइल वाचली. आकडे आले ५१,२००, ४६,०८०, ५६,३२०. पाचशे मीटर खोल नदी काही आपल्याकडे नाही. म्हटलं, हे उपकरणाचे कच्चे आकडे असणार, कॅलिब्रेशनचा काहीतरी गुणक असेल. थोडं खेळून पाहिल्यावर २५६ ने भागलं की २००, १८०, २२० असे सुंदर आकडे मिळतात हे लक्षात आलं. गुणक सापडला! आलेखही अगदी हवा तसा आला. उन्हाळ्यात तळाशी, आषाढ-श्रावणात वर.

फक्त एक खोट होती. पावसाळ्यात काही वेळा पातळी २३०, २४०, २५० अशी चढायची आणि अचानक ३ वर यायची. मग २०, ५६, पुन्हा ३० आणि एकदम २४८. मी ठरवून टाकलं की गाळ अडकून उपकरण बिघडलं असणार. त्या नोंदी 'बिघाड' म्हणून वगळल्या आणि प्रगती अहवालात तसं एक वाक्य टाकून दिलं.

आमच्या गाईड मॅडमनी अहवाल वाचला आणि एवढंच विचारलं, "बिघाड नेमका पाणी अडीच मीटरला पोचल्यावरच कसा होतो गं? दर वर्षी? आणि पाणी उतरलं की आपोआप दुरुस्त कसा होतो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या म्हणाल्या, "तुझा प्रोग्रॅम बाजूला ठेव. नुसते बाइट दाखव."

दाखवले. वगळलेल्या एका नोंदीचे दोन बाइट होते १ आणि ५६. मी दुसऱ्या बाइटला मोठा मानलं होतं, म्हणजे ५६ × २५६ + १ = १४,३३७. त्याला २५६ ने भागलं की ५६ आणि वर किरकोळ अपूर्णांक, जो मी गोळाबेरजेत सोडून दिला होता. खरं वाचन उलटं होतं: १ × २५६ + ५६ = ३१२. तीन मीटर बारा सेंटिमीटर. तो पूर होता. मी आधी त्याचे छप्पन सेंटिमीटर केले आणि मग 'बिघाड' म्हणून फेकून दिला.

आता मागे वळून पाहिलं की सगळं स्पष्ट दिसतं. २५५ पर्यंतची संख्या एका बाइटात मावते, दुसरा बाइट शून्य असतो. अशी संख्या उलटी वाचली की ती बरोबर २५६ पट होते. त्यामुळे माझा 'गुणक' साध्या दिवसांना अचूक लागू पडत होता. मोठा बाइट कामाला लागत होता फक्त पुरात, आणि माझी चूकही तिथेच उघडी पडत होती. जी गोष्ट शोधायला मी संशोधनाला बसले होते, नेमकी तीच गोष्ट माझी पद्धत गाळत होती.

बाइटात संख्या नसते

इथे एक गोष्ट पक्की करून घ्या. फाइलमध्ये बाइट असतात, संख्या नसतात. १ आणि ५६ हे दोन बाइट म्हणजे ३१२ असू शकतात, १४,३३७ असू शकतात, किंवा त्या दोन स्वतंत्र नोंदीही असू शकतात. बाइट स्वतःहून काहीच सांगत नाहीत. संख्या तयार होते ती लिहिणारा आणि वाचणारा यांच्यातल्या करारातून. आणि प्रत्येक करार कधीतरी, कुठेतरी, कुणाच्या तरी सोयीसाठी झालेला असतो.

हा करार सुरुवातीपासून नव्हता. १९५० च्या दशकातल्या बऱ्याच मोठ्या संगणकांत मेमरीचा पत्ता अख्ख्या 'वर्ड'ला असे. आयबीएमच्या ७०९० या यंत्राचा वर्ड ३६ बिटांचा. वर्डच्या आतल्या तुकड्याला वेगळा पत्ताच नसेल, तर त्यातला कुठला तुकडा आधी हा प्रश्न उद्भवतच नाही. वाडा एकाच्या नावावर असेल तर खोल्यांचे क्रमांक कोण घालतं?

'बाइट' हा शब्द १९५६ साली वर्नर बुखहोल्त्स यांनी आयबीएमच्या 'स्ट्रेच' संगणकाची रचना करताना काढला. स्ट्रेचमध्ये बाइटची लांबी बदलती होती. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केली आणि तिच्यात दोन गोष्टी ठरल्या: बाइट आठ बिटांचा, आणि प्रत्येक बाइटला स्वतःचा पत्ता. आता चार बाइटांचा पूर्णांक मेमरीत चार पत्त्यांवर पसरणार होता. मग पहिल्या पत्त्यावर कोण? आयबीएमने मोठा बाइट आधी ठेवला. आपण कागदावर संख्या लिहितो तशीच: आधी हजार, मग शतक, मग दशक, शेवटी एकक. मेमरीची छापील यादी डोळ्यांनी वाचणाऱ्याला हे सोयीचं होतं.

इतकं साधं असताना कुणी उलटं का करेल? याचं उत्तर तुम्हाला शाळेपासून माहीत आहे.

हातचा एक

४७ आणि ३८ यांची बेरीज करा. सात आणि आठ पंधरा, पाच मांडले, हातचा एक. चार आणि तीन सात आणि हातचा एक, आठ. पंच्याऐंशी. सुरुवात कुठून केलीत? एककापासून. संख्या डावीकडून लिहायला शिकलेले आपण, बेरीज मात्र उजवीकडून करतो. कारण हातचा लहानाकडून मोठ्याकडे जातो, उलट कधी जात नाही.

आता एका यंत्राकडे जाऊ. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात कॉम्प्युटर टर्मिनल कॉर्पोरेशन नावाची कंपनी होती. तिने १९७० साली 'डेटापॉइंट २२००' नावाचं यंत्र आणलं. टेबलावर मावणारं, पडदा आणि कळफलक असलेलं. खर्च कमी ठेवण्यासाठी त्याचा प्रोसेसर एका वेळी एकच बिट हाताळत असे आणि मेमरी होती शिफ्ट रजिस्टरची, म्हणजे रहाटगाडग्यासारखी. बिट एकामागून एक समोर येणार, हवा तो येईपर्यंत थांबायचं. अशा यंत्राला बेरीज करायची तर लहान बिट आधी समोर यायला हवा, नाहीतर हातचा कुठे ठेवायचा? आणि दोन बाइटांचा पत्ता मोजायचा असेल तर लहान बाइट आधी हवा. म्हणून डेटापॉइंटमध्ये पत्ते लिहिले जात ते लहान बाइट आधी, मोठा नंतर. त्या यंत्रापुरता हा निर्णय अगदी शहाणपणाचा होता.

या कंपनीने हा प्रोसेसर एकाच चिपवर आणता येईल का म्हणून इंटेलशी बोलणी केली. इंटेलने चिप बनवली, पण डेटापॉइंटमध्ये ती वापरलीच गेली नाही. इंटेलने ती १९७२ साली ८००८ या नावाने बाजारात आणली. या चिपला बिटांची वाट पाहायची गरज नव्हती, ती आठही बिट एकदम घेत होती. तरी सूचनांचा संच डेटापॉइंटचाच होता, त्यामुळे पत्त्यातला उलटा क्रमही तसाच राहिला. पुढे १९७४ मध्ये ८०८०, १९७८ मध्ये ८०८६. १९८१ साली आयबीएमने स्वतःचा पर्सनल कॉम्प्युटर काढला तो इंटेलच्या ८०८८ वर. ज्या आयबीएमने मोठा बाइट आधी ठेवायची रीत रुजवली, तिच्याच नावाच्या पेटीतून लहान-आधीचा क्रम जगभरच्या टेबलांवर पोचला.

तुमच्या लॅपटॉपमध्ये इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर असेल तर तो आजही लहान बाइट आधी ठेवतो. सून सासूची रीत पाळते, सासू तिच्या सासूची. मूळ कारण असलेलं जातं कधीच घरातून गेलेलं असतं. रीत राहते.

बाराशे चौतीस

आणखी एक तिसरा क्रमही होऊन गेला. तो समजायला आपली मराठीच उपयोगी पडते.

१२३४ ही संख्या मोठ्याने वाचा. बाराशे चौतीस. आता कानाने ऐका. 'बारा' म्हणजे दोन आणि दहा: आधी दोन, मग एक. 'चौतीस' म्हणजे चार आणि तीस: आधी चार, मग तीन. लिहिताना आपण १, २, ३, ४ लिहितो आणि बोलताना २, १, ४, ३ म्हणतो. जोड्यांचा क्रम मोठ्याकडून लहानाकडे, पण प्रत्येक जोडीच्या आत लहान आधी.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा पीडीपी-११ हा १९७० सालचा १६ बिटांचा संगणक अगदी असाच 'बोलत' असे. वर्ड दोन बाइटांचा, त्यात लहान बाइट आधी. पण चार बाइटांची संख्या दोन वर्डांत ठेवायची वेळ आली तेव्हा फ्लोटिंग-पॉइंट गणिताचं हार्डवेअर आणि सी भाषेचा 'लाँग' या दोघांनीही मोठा वर्ड आधी ठेवला. म्हणजे बाइटांना मोठ्याकडून लहानाकडे १, २, ३, ४ अशी नावं दिली, तर आयबीएम ३६० मध्ये ते १, २, ३, ४ असे बसत, इंटेलच्या रीतीत ४, ३, २, १ असे, आणि पीडीपी-११ वर २, १, ४, ३. बाराशे चौतीस!

युनिक्स आणि सी भाषा वाढली ती याच पीडीपी-११ वर. तिथली माहिती वेगळ्या रीतीच्या यंत्रावर नेली की जोडीजोडीने अक्षरं उलटत. यू-एन-आय-एक्स ही चार अक्षरं एन-यू-एक्स-आय अशी दिसत. या घोळाला 'नक्सी प्रॉब्लेम' असंच नाव पडलं.

आपल्याकडेही हे भांडण झालंय बरं का. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत आली आणि वर्तमानपत्रांपासून विधानसभेपर्यंत गदारोळ झाला. मंगला नारळीकरांनी मुलांना हे सोपं जातं म्हणून त्या पद्धतीची बाजू मांडली होती, दुसऱ्या बाजूला लोक भाषेचं सौंदर्य जाईल म्हणत होते. संगणकाच्या भाषेत सांगायचं तर वाद हाच होता: बोलण्याचा क्रम लिहिण्याच्या क्रमाशी जुळवायचा का? दोन्ही पद्धतींत संख्या तीच राहते. पण एकाने एका रीतीने सांगितलं आणि दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने लिहून घेतलं, तर एकवीसचे बारा होतात.

अंडं कुठून फोडायचं

१९७० च्या दशकाच्या शेवटी वेगवेगळ्या रीतींची यंत्रं एकमेकांना जोडली जाऊ लागली. तोवर प्रत्येक घरात आपापली रीत चालत होती. सोयरीक जुळवायची वेळ आली तेव्हा भांडण सुरू झालं.

१ एप्रिल १९८० ही तारीख असलेलं एक टिपण डॅनी कोहेन यांनी लिहिलं. ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फॉर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये काम करत. टिपणाचं शीर्षक मराठीत सांगायचं तर 'धर्मयुद्धं आणि शांततेसाठी विनंती'. तारखेवरून थट्टा वाटेल. भाषा थट्टेची होतीच, पण आतला युक्तिवाद काटेकोर होता.

जोनाथन स्विफ्टच्या १७२६ सालच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये लिलिपुट आणि ब्लेफुस्कू या दोन राज्यांत उकडलेलं अंडं मोठ्या टोकाने फोडायचं की लहान यावरून वैर असतं, आणि त्यापायी हजारो माणसं जीव देतात. कोहेन यांनी तिथूनच नावं उचलली: मोठा भाग आधी ठेवणारे 'बिग-एंडियन', लहान आधी ठेवणारे 'लिटल-एंडियन'. तुम्ही पाठ्यपुस्तकात जो 'एंडियननेस' शब्द वाचता, तो त्या अंड्याच्या टोकावरून आलाय. नेटच्या परीक्षेत व्याख्या विचारतात, गोष्ट कुणी विचारत नाही.

कोहेन यांचं म्हणणं थोडक्यात असं. दोन्ही रीती आतून सुसंगत असू शकतात. कुठलीही एक मुळात श्रेष्ठ नाही. पण स्विफ्टचा निष्कर्ष इथे चालणार नाही. स्विफ्टच्या मते फरक क्षुल्लक आहे, म्हणून ज्याने त्याने हवं तिकडून अंडं फोडावं. कोहेन म्हणतात, फरक क्षुल्लक आहे हे मान्य, आणि म्हणूनच कुठलीही एक बाजू निवडा, पण सगळ्यांनी तीच निवडा. कारण इथे अंडं एकाने फोडून दुसऱ्याला द्यायचं आहे.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९८१ मध्ये, इंटरनेट प्रोटोकॉलचा दस्तऐवज आला. संपादक जॉन पोस्टेल. त्याच्या एका परिशिष्टात ठरवून टाकलं की तारेवरून जाताना मोठा बाइट आधी. यालाच आज 'नेटवर्क बाइट ऑर्डर' म्हणतात.

पण तारेवर तह झाला तरी घराघरांतल्या रीती तशाच राहिल्या. १९८३ च्या बर्कली युनिक्समध्ये, ४.२ बीएसडीमध्ये, त्यासाठी छोटी भाषांतर फंक्शनं होती: घरच्या क्रमातून नेटवर्कच्या क्रमात, आणि परत. गंमत अशी की बिग-एंडियन यंत्रावर ही फंक्शनं काहीच करत नाहीत. त्यामुळे मोटोरोला ६८००० च्या यंत्रावर बसलेला प्रोग्रॅमर ती वापरायला विसरला तरी त्याचं सगळं चालायचं. तोच प्रोग्रॅम लिटल-एंडियन व्हॅक्सवर नेला की कोसळायचा. वेबचा पोर्ट ८० म्हणजे ० आणि ८० हे बाइट. उलटे वाचले की २०,४८०. दार ठोठावायचं एकाचं आणि ठोठावलं भलत्याचंच.

इथे आपल्या कामाचा धडा आहे. चूक करूनही उत्तर बरोबर येतं, अशी जागा सर्वांत धोक्याची. माझे साधे दिवस असेच बरोबर येत होते.

उणे छप्पन

क्रम कळला म्हणजे काम संपलं असं नाही. आणखी एक जुनी सवय वाटेत उभी असते.

२०० हा बाइट घ्या. तो 'चिन्हासहित' वाचला तर त्याचा अर्थ उणे ५६ होतो, कारण आठ बिटांत १२८ पासून २५५ पर्यंतच्या जागा ऋण संख्यांना दिलेल्या असतात आणि २०० वजा २५६ म्हणजे उणे ५६. आता १ आणि २०० या बाइटांचा पूर्णांक करा. हवा आहे १ × २५६ + २०० = ४५६. पण तुमच्या सी प्रोग्रॅमने दुसरा बाइट चिन्हासहित धरला, तर २५६ वजा ५६ म्हणजे पुन्हा २०० च. साडेचार मीटरचा पूर दोन मीटरचा झाला. क्रम बरोबर असूनसुद्धा!

सी भाषेत नुसत्या 'कॅर'ला चिन्ह आहे की नाही, हे प्रमाणभाषेने कंपायलरवर सोडलंय. असं का? याचाही माग पीडीपी-११ पर्यंत जातो. त्या यंत्रावर बाइट उचलून रजिस्टरमध्ये ठेवला की वरचे बिट चिन्हाने भरले जात. तिथल्या सीने ते तसंच स्वीकारलं. दुसरी यंत्रं वरचे बिट शून्याने भरत. प्रमाणभाषा ठरेपर्यंत दोन्ही रीतींनी लिहिलेले प्रोग्रॅम जगात होते, मग कुणाला खोटं ठरवणार? आजही इंटेलच्या यंत्रांवर 'कॅर'ला बहुधा चिन्ह असतं आणि एआरएमवरच्या लिनक्समध्ये बहुधा नसतं. म्हणून बाइट वाचताना नेहमी 'अनसाइन्ड' असं स्पष्ट लिहा.

अ, क आणि उ

हे फक्त आकड्यांपुरतं आहे असं समजू नका. अक्षर म्हणजेही शेवटी एक पूर्णांकच. युनिकोडमध्ये 'अ'चा क्रमांक दोन बाइटांत लिहिला तर ९ आणि ५ असा येतो. उलटा वाचला, ५ आणि ९, की तिथे रशियातल्या कोमी भाषेसाठी वापरलेलं एक सिरिलिक अक्षर बसलेलं आहे. 'क' म्हणजे ९ आणि २१. उलटा केला की कॅनडातल्या आदिवासी भाषांच्या लिपीतलं एक चिन्ह मिळतं. मराठी फाइल उघडली आणि भलत्याच देशांची अक्षरं दिसली, तर आधी बाइटांच्या क्रमावर संशय घ्या.

पण 'उ' बघा. ९ आणि ९. कसाही वाचा, 'उ' तो 'उ'च.

हीच युक्ती १९८६ सालच्या टिफ या चित्रांच्या फाइल-प्रकारात वापरली आहे. फाइलचे पहिले दोन बाइट म्हणजे 'आय आय' किंवा 'एम एम' ही अक्षरं. आय म्हणजे इंटेलची रीत, एम म्हणजे मोटोरोलाची. दोन्ही अक्षरं सारखी, म्हणून क्रम माहीत नसतानाही ती बिनचूक वाचता येतात. त्यानंतर ४२ ही संख्या येते. ४२ च आले तर तुम्ही योग्य रीतीने वाचताय, १०,७५२ आले तर उलटं. लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याचा विचार केला की अशी फाइल तयार होते.

युनिकोडच्या दोन बाइटी फाइलीतही सुरुवातीला २५४ आणि २५५ अशी खूण ठेवता येते. तीच उलटी दिसली तर ते कुठलंच अक्षर नसतं, म्हणजे क्रम उलटा हे कळतं. आणि सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ची रचना केली तेव्हा हा प्रश्नच काढून टाकला. तिच्यात बाइटांचा क्रम रचनेतच ठरलेला आहे, प्रत्येक यंत्रावर एकच. हा लेख तुमच्यापर्यंत पोचतोय तो बहुधा त्याच मार्गाने.

मग वाचायचं कसं?

याच रॉब पाइक यांनी २०१२ साली एक छोटा लेख लिहिला. मुद्दा असा, की आपलं यंत्र बिग आहे की लिटल हे विचारण्याची प्रोग्रॅमरला जवळजवळ कधीच गरज नसते. विचारायचं ते एवढंच की समोरची माहिती कुठल्या क्रमाने लिहिली आहे. ते कळलं की साधं गणित करा. मोठा आधी असेल तर पहिला बाइट × २५६ + दुसरा. लहान आधी असेल तर दुसरा × २५६ + पहिला. सीमध्ये मोठ्या बाइटला आठ बिट डावीकडे सरकवून लहान बाइटशी 'ऑर' करा, तेच होतं. हे गणित कुठल्याही यंत्रावर तेच उत्तर देतं, कारण त्यात यंत्राच्या सवयीला जागाच नाही.

चूक होते ती 'शॉर्टकट'मध्ये. दोन बाइटांच्या पत्त्यावर बोट ठेवून "हा पूर्णांक आहे" असं यंत्राला सांगायचं आणि पुढे जायचं. मग करार ठरवतं तुमचं यंत्र, फाइल लिहिणारा नाही. मी तेच केलं होतं. माझ्या लॅपटॉपने ती फाइल आपल्या रीतीने वाचली, आणि ती रीत सॅन अँटोनियोतल्या, बिट एकेक करून मोजणाऱ्या एका यंत्राकडून आलेली होती. नदीशी तिचा काहीही संबंध नव्हता.

तुमच्या हातात जुनी फाइल आली तर प्रोग्रॅम लिहिण्याआधी चार प्रश्न वहीत लिहा.

१. ही फाइल कुठल्या यंत्राने, कोणत्या काळात लिहिली? उत्तर न मिळाल्यास अंदाज लिहा आणि 'अंदाज' असं नमूद करा.

२. मोठा बाइट आधी की लहान? पायथॉनमध्ये बाइटांचा पूर्णांक करताना 'बिग' किंवा 'लिटल' सांगायची सोय आहे, ते दर वेळी स्वतः लिहा.

३. संख्येला चिन्ह आहे का?

४. मला आधीच माहीत असलेली एखादी संख्या यात आहे का? तारीख, केंद्राचा क्रमांक, नोंदींची संख्या, काहीही. तिच्यावर वाचन ताडून पाहा. ती तुमची ४२.

आणि पाचवी गोष्ट म्हणजे प्रश्न नाही, सवय आहे. कुठलाही 'गुणक' हाती लागला आणि तो २५६ निघाला, तर आनंद मानू नका. २५६ हा निसर्गाचा आकडा नाही, यंत्राचा आहे.

शेवटी काय झालं ते सांगते. त्या रात्री मी प्रोग्रॅममधला एक शब्द बदलला, 'लिटल'चं 'बिग' केलं, गुणक काढून टाकला आणि वगळलेल्या सगळ्या नोंदी परत घेतल्या. आलेखात जिथे खड्डे होते तिथे शिखरं उभी राहिली. मग त्या तारखा घेऊन मी ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं काढली. सर्वांत उंच शिखराच्या दुसऱ्या दिवशीच्या अंकात पुलावरून पाणी गेल्याची बातमी होती. ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्यांना तो पूर आठवत असणार. माझ्या प्रबंधात मात्र तो जवळजवळ झालाच नव्हता.

पुढच्या अहवालात मी 'बिघाड' हा शब्द खोडला आणि 'वाचनातील चूक' असं लिहिलं. मॅडमनी त्याच्यापुढे पेन्सिलीने एक शब्द घातला: 'माझ्या'.

तुमच्याकडे अशी जुनी फाइल असेल, तर आज रात्री तिचे पहिले सोळा बाइट नुसते डोळ्यांनी बघा. प्रोग्रॅम उद्या लिहा.